विश्लेषण : वीजमीटर बरोबर आहे की नाही, हे एक कोन कसा ठरवतो?

वसई-विरारसह राज्यातील अनेक शहरांत नव्या स्मार्ट मीटरविषयी ग्राहकांच्या मनात शंका आहे. ‘मीटर पळतो’ ही तक्रार आणि ‘मीटर प्रमाणित आहे’ हे उत्तर यांच्या मध्ये एक मोजमाप आहे, ज्याविषयी दोन्ही बाजू फारसे बोलत नाहीत. व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांच्या लहरींमधला कोन मीटर किती अचूक धरतो, यावर युनिटचा खरेपणा बराचसा अवलंबून असतो. हा कोन म्हणजे काय, तो कसा मोजतात, कोणाच्या बिलात तो किती शिरतो आणि तक्रार करताना त्याविषयी काय विचारावे?

वाद कशावरून?

महावितरणच्या कल्याण परिमंडळातील वसई मंडळात दोन प्रकारचे ग्राहक अगदी शेजारी-शेजारी नांदतात. एकीकडे विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूरच्या इमारती आणि चाळी आणि दुसरीकडे वालीव, सातिवली, गोखिवरे, कामण या पूर्व पट्ट्यातले लहान कारखान्यांचे गाळे. प्लास्टिकचे साचेकाम, लेथ, वेल्डिंग, पॅकिंग अशी कामे या गाळ्यांत चालतात. दोघांनाही वीज महावितरणच देते, पण दोघांच्या बिलाचे गणित वेगळे आहे.

केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून देशभर स्मार्ट मीटर बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर आधी वापर, मग बिल या जुन्याच पद्धतीने चालणारे टीओडी मीटर बसू लागले. दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद ते ठेवतात. पैसे भरण्याची पद्धत तीच राहिली, तरी मीटर बदलल्यावर बिल वाढल्याची तक्रार थांबली नाही.

बिल वाढण्याची कारणे अनेक असू शकतात. उन्हाळा, वाढलेले दर, आधीच्या महिन्यांची सरासरी बिले दुरुस्त होणे, वापर थोडा वाढून शंभर किंवा तीनशे युनिटच्या वरच्या टप्प्यात जाणे ही त्यातली नेहमीची. पण ग्राहकाचा प्रश्न साधा असतो : या पेटीतला आकडा खरा आहे का? त्याचे उत्तर द्यायचे तर मीटर नेमके काय मोजतो, हे आधी पाहावे लागते.

दोन लहरींमधले अंतर म्हणजे काय?

घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येते. व्होल्टेज शून्यापासून वर चढतो, उतरतो, उलट दिशेने जातो आणि २० मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. ही साइन लहर. उपकरणातून वाहणारा प्रवाहही याच लयीत चढतो-उतरतो, पण तो व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकतोच असे नाही.

वसईच्या खाडीचे उदाहरण घेता येईल. समुद्राला भरती आली की खाडीच्या मुखाशी पाणी आधी चढते आणि आत घोडबंदरच्या बाजूला ते थोड्या वेळाने चढते. दोन्हीकडे भरती-ओहोटीची लय तीच, फक्त एक लहर दुसरीच्या मागे. हे मागे पडणे पूर्ण फेरीचा कितवा भाग आहे, हे अंशांत सांगितले की त्याला कलांतर किंवा फेजमधला फरक म्हणतात. पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश. ५० हर्ट्झच्या विजेत एक अंश म्हणजे अवघे ५५.६ मायक्रोसेकंद.

गिझर किंवा इस्त्रीमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या बरोबर चालतो, कोन जवळजवळ शून्य. मोटर, पंप, वेल्डिंग मशीन, चोकची जुनी ट्यूबलाइट यांत वेटोळी असतात. त्यांत चुंबकीय क्षेत्र उभे राहायला वेळ लागतो, म्हणून प्रवाह मागे पडतो. कपॅसिटरमध्ये उलट, प्रवाह पुढे धावतो. या कोनाचा कोसाइन म्हणजे पॉवर फॅक्टर. कोन शून्य असेल तर तो १ आणि कोन ६० अंश असेल तर ०.५.

२३० व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेणारे उपकरण तारेवर २,३०० व्होल्ट-अँपिअरचा भार टाकते. कोन शून्य असेल तर ते २,३०० वॉट वीज खरोखर वापरते. कोन ६० अंशांचा असेल तर वापर निम्म्यावर, १,१५० वॉटवर येतो. उरलेली ऊर्जा तार आणि उपकरण यांच्यात येरझारा घालते. ती कामाला लागत नाही, पण तिच्यासाठी लागणारा प्रवाह तारेतून आणि रोहित्रातून वाहतोच.

हा कोन मोजायचा कसा?

सुचायला सोपी पद्धत म्हणजे दोन्ही लहरी शून्य रेषा कधी ओलांडतात ते पाहणे आणि त्या दोन क्षणांमधला वेळ मोजणे. शून्य रेषाच का? पूर्ण भरतीच्या वेळी पाणी बराच वेळ स्थिर वाटते, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. अर्ध्या उंचीवर मात्र ते वेगाने चढत असते आणि क्षण स्पष्ट दिसतो. लहरीचेही तसेच आहे. शून्याजवळ तिचा चढ सर्वांत तीव्र असतो.

पण त्या पाण्यावर लाटाही असतात. खांबावरची खूण पाणी एकदाच ओलांडत नाही. लाटेबरोबर ते खुणेच्या वर-खाली होते. विजेच्या लहरीवरही मोटरच्या, इन्व्हर्टरच्या, चार्जरच्या खळबळीची नक्षी उमटलेली असते, त्यामुळे शून्य ओलांडण्याचा क्षण पुढे-मागे सरकतो. मोजणाऱ्या यंत्राची शून्य रेषाच किंचित वर असेल तर चूक आणखी वाढते. स्वच्छ लहरींसाठी प्रयोगशाळेत ही पद्धत चालते, गाळ्यातल्या गोंगाटात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

दुसरी पद्धत अधिक भरवशाची आहे. एकाच क्षणाची पूर्ण लहर धरण्याऐवजी सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज आणि प्रवाह यांचे नमुने घ्यायचे, पूर्ण फेरीतल्या सर्व नमुन्यांची शुद्ध साइन आणि कोसाइन लहरींशी तुलना करायची आणि त्यातून दोघांचे कोन काढायचे. एखादा नमुना गोंगाटाने बिघडला तरी शेकडो नमुन्यांच्या बेरजेत तो फारसा टिकत नाही. पूर्ण फेऱ्याच घेतल्या तर मूळ ५० हर्ट्झच्या लहरीत इतर वारंवारतांची भेसळही होत नाही.

वीजमीटरचा मार्ग आणखी सरळ आहे. तो सहसा कोन वेगळा काढतच नाही. एकाच क्षणीचे व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार करायचा, असे असंख्य गुणाकार करून त्यांची सरासरी काढायची. ती सरासरी म्हणजेच वॉट. दोन लहरींमधला कोन या गुणाकारात आपोआप येतो. मात्र इथे ‘एकाच क्षणीचे’ ही अट महत्त्वाची आहे. सेकंदाला ४,००० नमुने घेणाऱ्या मीटरमध्ये दोन नमुन्यांत २५० मायक्रोसेकंदांचे अंतर असते. व्होल्टेजचा नमुना या वेळचा आणि प्रवाहाचा पुढच्या वेळचा धरला गेला, तर साडेचार अंशांची चूक होते. प्रवाह मोजणारे छोटे रोहित्र, म्हणजे सीटी, स्वतःही कोन थोडा सरकवते. कारखान्यात मीटर तयार होताना ही सरक मोजून तिची भरपाई मीटरच्या चिपमध्ये नोंदवली जाते. ती भरपाई चुकली तर मीटर चुकतो.

एका अंशाची चूक किती महाग?

या प्रश्नाच्या उत्तरात वादाची मेख आहे. समजा मीटर कोन एका अंशाने चुकवतो. गिझर चालू असताना, म्हणजे कोन शून्य असताना, २,३०० वॉटऐवजी तो २,२९९.६५ वॉट दाखवेल. चूक इतकी लहान की कोणत्याही तपासणीत दिसणार नाही. पण कोन ६० अंश असताना तोच मीटर ६० ऐवजी ५९ अंश धरू लागला, तर १,१५० वॉटऐवजी सुमारे १,१८५ वॉट दाखवेल. चूक थेट तीन टक्के. चूक उलट दिशेने असेल तर तितकेच नुकसान महावितरणचे.

याचा अर्थ असा की केवळ गिझर, हीटर किंवा जुना पिवळा बल्ब लावून केलेली तपासणी कोनाची चूक पकडूच शकत नाही. मीटरवरचा लाल दिवा मोजण्याची घरगुती युक्ती पुष्कळांना माहीत आहे. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे छापलेले असेल, तर खरोखर २,००० वॉट घेणाऱ्या गिझरवर दिवा मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर गिझरही कमी वीज घेतो, हे लक्षात ठेवले तर ही युक्ती उपयोगी आहे. पण ती परीक्षेच्या अर्ध्याच भागाची. उरलेला अर्धा भाग मोटरसारख्या भारावर तपासावा लागतो.

मीटरची भारतीय मानके करणाऱ्यांना हे ठाऊक होते. थेट जोडणीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरचे मानक आयएस १३७७९ आणि स्मार्ट मीटरचे आयएस १६४४४. क्लास १ च्या मीटरला नेहमीच्या प्रवाहावर पॉवर फॅक्टर १ असताना एक टक्क्याची मर्यादा आहे आणि प्रवाह मागे पडून पॉवर फॅक्टर ०.५ झाला असतानाही चूक एक टक्क्यातच राहावी लागते. एक टक्क्यात राहायचे तर, इतर काहीच चुकले नाही असे धरूनही, कोनातली चूक एका अंशाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत हवी. वेळेत सांगायचे तर सुमारे १८ मायक्रोसेकंद.

चकतीचा मीटर जास्त प्रामाणिक होता का?

‘जुना मीटर बरा होता’ असे म्हणताना अनेकांच्या डोळ्यांसमोर फिरणारी ॲल्युमिनियमची चकती असते. हंगेरीतील ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये घडवलेल्या मीटरपासून हे तंत्र शंभर वर्षांहून जास्त काळ टिकले. त्यातही कोनाचाच खेळ होता. चकती अचूक फिरायची तर व्होल्टेजच्या वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र व्होल्टेजच्या बरोबर ९० अंश मागे असावे लागते. वेटोळे एकटे तेवढे मागे पडत नाही, म्हणून तांब्याचे एक लहान कडे बसवून उरलेला कोन भरून काढला जाई. ते कडे सरकले तर गिझरवर मीटर बरोबर आणि पंपावर चूक, असा प्रकार चकतीच्या मीटरमध्येही होत असे. वय वाढले की चकतीच्या टेकूत घर्षण वाढे आणि लहान भारावर ती अडखळे, म्हणजे ग्राहकाचा फायदा.

पण ही तुलना आज मर्यादित आहे. बहुतेक घरांतला चकतीचा मीटर केव्हाच गेला आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आला. आता इलेक्ट्रॉनिक मीटरच्या जागी स्मार्ट मीटर येतो आहे. आत गुणाकार करणारी पद्धत तीच आणि अचूकतेचा क्लासही तोच असेल, तर केवळ ‘स्मार्ट’ असल्याने तो पळायला हवा असे तांत्रिक कारण नाही. एखादा मीटर बिघडलेला असू शकतो. सगळेच बिघडलेले आहेत, हे मात्र तपासणीच्या आकड्यांनीच सिद्ध व्हायला हवे. सगळेच बरोबर आहेत, या दाव्यालाही तोच न्याय लागू होतो.

घराच्या बिलात पॉवर फॅक्टर मोजतात का?

नाही. घरगुती बिल किलोवॉट-तासांवर, म्हणजे खरोखर वापरलेल्या विजेवर येते. पंख्याचा, फ्रिजचा पॉवर फॅक्टर कमी असला तरी त्याचा वेगळा आकार लागत नाही. त्यामुळे घरी ‘पॉवर सेव्हर’ नावाची पेटी लावून बिल कमी होईल, हा प्रचार फसवा आहे. अशा पेटीत बहुधा एक कपॅसिटर असतो. तो येरझारा घालणारा प्रवाह कमी करतो, वॉट कमी करत नाही. मीटर कोन नीट धरत असेल तर त्या पेटीने युनिट कमी होणार नाहीत.

एलईडी बल्बांनी मात्र मोजणीचे काम अवघड केले आहे. स्वस्त एलईडीत प्रवाह साइन लहरीसारखा वाहतच नाही. व्होल्टेजच्या शिखरापाशी तो झटक्यात घेतला जातो आणि मधल्या वेळात शून्य असतो. त्यात लहर मागे पडलेली नसते, तिचा आकारच मोडलेला असतो. अशा भारावर ‘दोन साइन लहरींमधला कोन’ ही कल्पना अपुरी पडते आणि मीटर प्रत्येक झटका टिपतो की नाही, याला महत्त्व येते.

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात फ्रँक लेफरिंक यांच्या गटाने नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरवर केलेल्या चाचण्यांचे निकाल २०१७ मध्ये जगभर गाजले. डिमरवर जोडलेल्या बचतीच्या दिव्यांसारख्या अतिशय मोडक्या प्रवाहावर पाच मीटरनी प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त युनिट दाखवले; सर्वांत वाईट निकाल ५८२ टक्के जास्त होता. दोन मीटरनी उलट सुमारे ३० टक्के कमी दाखवले. प्रवाह मोजणाऱ्या संवेदकाच्या प्रकारावर फरक पडत होता. ही परिस्थिती प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेली होती, सर्वसाधारण घरातली नव्हती. त्यामुळे वसईतल्या एखाद्या बिलाला हा आकडा चिकटवणे चूक ठरेल. पण ‘मीटर मानकाप्रमाणे आहे’ एवढे उत्तर पुरेसे नसते, कारण मानकातल्या चाचण्या मुख्यतः स्वच्छ लहरींवर होतात, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिले.

गाळेधारकाचे गणित वेगळे कसे?

उद्योगांच्या बिलात कोन थेट पैशांत मोजला जातो. वितरण कंपनीच्या दृष्टीने कारण स्पष्ट आहे. पॉवर फॅक्टर १ ऐवजी ०.७ असेल तर तेवढ्याच कामासाठी १.४३ पट प्रवाह लागतो आणि तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने गळती दुप्पट होते. उन्हाळ्यात आधीच तापलेल्या रोहित्रांवर हा भार पडतो आणि त्याचा त्रास शेजारच्या इमारतीलाही होतो.

महाराष्ट्रात पूर्वी चांगल्या पॉवर फॅक्टरला सवलत आणि वाईटाला दंड अशी पद्धत होती. राज्य विद्युत नियामक आयोगाच्या मार्च २०२० च्या दरआदेशानुसार उच्चदाब ग्राहकांसाठी एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आले. म्हणजे वापरलेल्या विजेऐवजी तारेवर टाकलेल्या एकूण भाराचे युनिट. लघुदाबावरच्या मोठ्या औद्योगिक जोडण्यांच्या बिलांतही पॉवर फॅक्टरचा विचार होतोच.

एक उदाहरण : २०० किलोवॉट भाराचा कारखाना महिन्याला ४०,००० किलोवॉट-तास वीज वापरतो. पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर केव्हीएएचमध्ये ५३,३३३ युनिट होतात आणि ०.९७ असेल तर ४१,२३७. काम तेच, मशीन तीच, फरक महिन्याला १२,००० युनिटांहून जास्त. तो भरून काढायला साधारण १२६ केव्हीएआर क्षमतेचे कपॅसिटर लागतात.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, कामापेक्षा मोठी मोटर बसवणे. पूर्ण भारावर चांगला पॉवर फॅक्टर देणारी मोटर रिकामी फिरताना तो फार खाली नेते. दुसरी, कपॅसिटर कायमचे जोडून ठेवणे. रात्री गाळा बंद होतो, मोटरी थांबतात, पण कपॅसिटर चालूच राहतात. मग प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावू लागतो. पुढे गेलेला कोनही बिलात धरला जात असल्याने, मागचा कोन सुधारायला लावलेला कपॅसिटर रात्री स्वतःच बिल वाढवतो. भारानुसार कपॅसिटर आपोआप जोडणारे आणि काढणारे एपीएफसी पॅनेल हा यावरचा उपाय. पण त्या पॅनेललाही कोन मोजूनच निर्णय घ्यायचा असतो. त्याचा सीटी चुकीच्या फेजवर किंवा उलटा बसवला असेल तर ते भलत्याच वेळी कपॅसिटर जोडत राहते.

मोजणीची चूक इथे कोणाला भोवते?

या बिलिंग बदलाचा एक परिणाम फारसा चर्चेत नाही. मीटरने कोन एका अंशाने चुकवला तर किलोवॉट-तास वाढतात, पण येरझारा घालणाऱ्या ऊर्जेचे युनिट त्याच वेळी कमी होतात. दोघांपासून काढलेले केव्हीएएच जवळपास तेवढेच राहते. म्हणजे केव्हीएएचवर बिल येणाऱ्या मोठ्या कारखान्याला मीटरमधल्या कोनाच्या चुकीचा धोका कमी झाला आणि स्वतःच्या मशीनच्या कोनाची जबाबदारी मात्र पूर्ण त्याच्यावर आली.

किलोवॉट-तासांवर बिल येणाऱ्याचे याच्या अगदी उलट आहे. त्यातही सीटीवर चालणाऱ्या मीटरचा लहान उद्योजक जास्त उघडा पडतो. क्लास ०.५ च्या सीटीला पूर्ण प्रवाहावर अर्ध्या अंशापर्यंत कोन सरकवण्याची मानकातच मुभा आहे. प्रवाह पाच टक्क्यांवर आला की ही मुभा दीड अंशाची होते. ०.८ पॉवर फॅक्टरवर अर्ध्या अंशाने होणारी चूक सुमारे ०.६५ टक्के, तर दीड अंशाने होणारी सुमारे दोन टक्के. भविष्यात भार वाढेल म्हणून मोठा सीटी बसवला आणि प्रत्यक्षात एकच मशीन चालते आहे, अशा गाळ्यात सीटी सतत आपल्या सर्वांत कमी अचूक भागात काम करतो. सीटी भाराच्या मापाचा आहे का, हा प्रश्न मीटर खरा आहे का या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कोन अचूक मोजता येतो का?

येतो, आणि त्या तंत्राच्या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले, आयआयटी खरगपूरमधून पदवी घेतलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले अरुण फडके यांनी जेम्स थॉर्प यांच्यासह व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८० च्या दशकात पीएमयू हे यंत्र घडवले. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन उपकेंद्रांतल्या व्होल्टेजमधला कोन त्याने मोजता येतो. अडचण पुन्हा ‘एकाच क्षणी’ हीच होती. ती जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाने सुटली. दोन ठिकाणची घड्याळे एका मायक्रोसेकंदात जुळली की ५० हर्ट्झवर कोनातली चूक ०.०१८ अंशांवर येते. या कामासाठी फडके आणि थॉर्प यांना २००८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाच्या मोठ्या भागात वीज गेली. त्याआधी बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी बंद पडली होती आणि विभागांमधला कोन ताणत गेला होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीतून दक्षिणेची ग्रीड उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडली गेली. दोन महाकाय ग्रीड जोडतानाही जोडणीच्या क्षणी दोघांमधला कोन जवळजवळ शून्य आहे ना, हेच पाहावे लागते. देशाची ग्रीड सांभाळायला अंशाचा शंभरावा हिस्सा मोजता येत असेल, तर घरच्या मीटरचा कोन तपासून ग्राहकाच्या हाती आकडा देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही.

तक्रार असेल तर काय मागावे?

वीज ग्राहक हक्क नियम २०२० नुसार मीटरबाबतच्या तक्रारीनंतर ३० दिवसांत तपासणी करणे वितरण कंपनीला बंधनकारक आहे. निकाल मान्य नसेल तर यादीतील त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी मागता येते. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने आणखी एक हक्क दिला. मीटरची नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही, अशी तक्रार केल्यास पाच दिवसांत दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोघांची तुलना करावी लागते.

या हक्कांचा खरा उपयोग योग्य प्रश्न विचारले तरच होतो. दुसरा मीटर त्याच बनावटीचा असेल तर दोघेही एकसारखे चुकू शकतात, म्हणून तो वेगळ्या बनावटीचा मागावा. जागेवर तपासणी होत असेल तर त्या वेळी कोणता भार चालू आहे ते पाहावे. पंप, फ्रिज, एसी बंद ठेवून एका हीटरवर घेतलेला निकाल अपुरा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात पॉवर फॅक्टर १ आणि ०.५ अशा दोन्ही ठिकाणी, जास्त आणि कमी प्रवाहावर, चूक किती टक्के आढळली हे लेखी मागावे. गाळेधारकाने त्याबरोबर सीटीचे गुणोत्तर, क्लास आणि बसवण्याची दिशा तपासून घ्यावी. समाधान झाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाताना हाच अहवाल सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

महावितरणलाही यात फायदा आहे. बदललेल्या मीटरपैकी काही नमुने वस्तीनिहाय काढून, दोन्ही पॉवर फॅक्टरवर आणि एलईडीसारख्या मोडक्या प्रवाहावर तपासून त्यांचे निकाल जाहीर केले, तर बिघडलेले मीटर बाहेर येतील आणि बरोबर असलेल्या मीटरवरचा संशय जाईल. सध्या एका बाजूला बिलाचा आकडा आहे आणि दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्र. मोजलेल्या चुकीचा आकडा वसईतल्या ग्राहकाच्या हाती अजून क्वचितच पडतो.